काकतालीय की घुणाक्षर?

प्रश्न असा आहे: ‘विश्वास बसू नये असा योगायोग घडला, तर त्याला काकतालीय न्याय म्हणायचे की घुणाक्षर न्याय? आणि तो घडण्याची शक्यता म्हणावी की संभाव्यता?’

दोन्ही न्याय सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात, पण त्यांत फरक आहे आणि तो गणिताच्या दृष्टीने फार नेमका आहे. काकतालीय न्यायात कावळा ताडावर बसतो आणि त्याच क्षणी फळ गळते. ‘कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ’ ही आपली म्हण त्याच घरातली. इथे घटना दोनच असतात आणि सांगायचे एवढेच असते, की एकीमुळे दुसरी घडलेली नाही. बदली होऊन नवा साहेब आला आणि दुसऱ्या दिवशी लिफ्ट बंद पडली, हे काकतालीय.

घुणाक्षर न्यायात घुण नावाचा किडा लाकूड पोखरतो आणि त्या रेघांत एखादे अक्षर उमटलेले दिसते. किड्याला लिहिता येत नाही, हे झालेच. पण खरी गंमत अशी की त्याने शेकडो वेड्यावाकड्या रेघा काढलेल्या असतात, त्यांतली अक्षरासारखी दिसणारी तेवढी आपण पाहतो, आणि ती ‘ग’ असो वा ‘र’, आपल्याला चालते. थक्क करणारे बहुतेक योगायोग या जातीचे.

पडताळा रस्त्यावरच घेता येतो. उभ्या गाड्यांच्या क्रमांकांतले शेवटचे दोन अंक ओळीने लिहून काढा. ०० ते ९९ असे शंभर पर्याय. तेराच गाड्या लिहिल्या तरी कुठल्या तरी दोन गाड्यांचे अंक जुळण्याची संभाव्यता सुमारे ०.५६ होते, वीस गाड्यांना ०.८७. अंदाज चुकतो तो इथे: आपण गाड्या मोजतो, जोड्या मोजत नाही. तेरा गाड्यांच्या ७८ जोड्या होतात, विसांच्या १९०. शिवाय लोक जादा पैसे भरून आवडीचे क्रमांक घेतात, त्यामुळे सगळे अंक सारख्या प्रमाणात येत नाहीत आणि जुळण्याची संधी वाढतेच. आता अट बदला. आपल्याच गाडीचे अंक दुसरीवर दिसायला हवेत म्हटले, की वीस गाड्यांत संभाव्यता जेमतेम ०.१८, निम्म्यापर्यंत पोचायला ६९ गाड्या लागतात. ‘कुठलीही जोडी’ म्हणजे घुणाक्षर, आणि अंक आधी सांगून ठेवला की ती सवलत गेली.

बल्गेरियाच्या लॉटरीत सप्टेंबर २००९ मध्ये लागोपाठच्या दोन सोडतींत ४, १५, २३, २४, ३५, ४२ हेच सहा आकडे निघाले. चौकशी झाली, लबाडी सापडली नाही. ४२ पैकी ६ आकडे ५२,४५,७८६ प्रकारे निघू शकतात, म्हणजे एखाद्या सोडतीत मागच्याच सोडतीचे आकडे येण्याची संभाव्यता ५२ लाखांत एक. मात्र ‘आजवरच्या कुठल्याही दोन सोडती’ म्हटले, की सुमारे २,७०० सोडतींतच ती निम्म्यावर जाते. आठवड्याला दोन सोडती धरल्या तर साधारण २६ वर्षे. लागोपाठ जुळणे त्याहून खूपच दुर्मीळ, हे खरे. पण जगात लॉटऱ्या अनेक, प्रत्येकीच्या सोडती शेकड्यांनी, आणि बातमी होते ती जुळलेल्या सोडतीची. म्हणून याला मी घुणाक्षर म्हणेन, काकतालीय नव्हे.

राहिला दुसरा प्रश्न. शक्यता असते किंवा नसते, दाट असते, धूसर असते. संभाव्यता ० ते १ यांमधली संख्या असते. दहावीच्या गणितातही हाच शब्द आहे. त्यामुळे ‘पावसाची दाट शक्यता’ बरोबर, ‘दाट संभाव्यता’ कानाला खटकते. पुढे आकडा देणार असाल तरच संभाव्यता लिहा.