वाचकांचे प्रश्न : ओल्या वाळूत हरवलेले सोने

प्रश्न : डिसेंबरात आम्ही गुहागरला गेलो असताना संध्याकाळी पाण्याच्या कडेला यजमानांच्या बोटातली अंगठी ओल्या वाळूत निसटली. दुसऱ्या दिवशी भाच्याने कुणाकडून तरी मेटल डिटेक्टर मिळवून आणला. कोरड्या वाळूत तो नीट चालत होता, पण ओल्या वाळूवर नेला की नुसता कोकलत राहायचा. यंत्र बिघडलेले होते का? पुन्हा जाऊन शोधण्यात काही अर्थ आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : यंत्र बिघडलेले नव्हते. ते जे ऐकत होते तेच तुम्हाला सांगत होते, आणि त्याला ऐकू येत होते ते समुद्राचे मीठ.

मेटल डिटेक्टरच्या खालच्या चकतीत तारेचे वेटोळे असते. त्यातून सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र जमिनीत जाते, त्यामुळे वाटेत आलेल्या धातूमध्ये भोवऱ्यासारखे फिरणारे विद्युतप्रवाह उत्पन्न होतात, आणि त्या प्रवाहांचे क्षीण क्षेत्र यंत्र टिपते. मात्र वीज वाहून नेणारी वस्तू धातूच असली पाहिजे असे नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात आणि असे पाणी गोड्या पाण्याच्या शेकडो पट वीजवाहक असते. त्या पाण्याने भिजलेली वाळू म्हणजे यंत्राच्या दृष्टीने एक प्रचंड, पसरट, क्षीण धातूच. स्वस्त यंत्रे बहुधा एकाच वारंवारतेवर, म्हणजे क्षेत्र बदलण्याच्या एकाच ठरावीक गतीवर चालतात, आणि त्यांना हा गोंधळ निस्तरता येत नाही.

कोकणात त्यात आणखी एक भर पडते. रत्नागिरीच्या परिसरातील किनाऱ्यांवर इल्मेनाइटयुक्त काळ्या वाळूचे पट्टे आहेत. अशा जड, लोहयुक्त वाळूचा परिणाम मिठाच्या परिणामाहून वेगळ्या प्रकारचा असतो, त्यामुळे एका वारंवारतेच्या यंत्राची बटणे काळ्या वाळूशी जुळवली की मीठ ओरडते आणि मिठाशी जुळवली की काळी वाळू ओरडते. यावर दोन उपाय आहेत. एकाच वेळी अनेक वारंवारतांवर चालणारे यंत्र त्या सर्वांची तुलना करून मिठाचा वाटा वजा करते. ‘पल्स इंडक्शन’ प्रकारचे यंत्र क्षणभर झटका देऊन काही मायक्रोसेकंद थांबते आणि मगच ऐकते. तेवढ्या अवधीत मिठातला प्रवाह विरून गेलेला असतो, अंगठीतला अजून रेंगाळत असतो. हे दुसरे यंत्र खोलवर पोचते, पण बहुतेक वेळा त्याला लोखंड आणि सोने यांतला फरक कळत नाही. गंजलेल्या खिळ्यांसाठी शंभर खड्डे खणण्याची तयारी असेल तरच ते घ्यावे. एका सहलीसाठी विकत घेणे मला शहाणपणाचे वाटत नाही. कुणाकडून मागून किंवा भाड्याने आणावे, आणि आणण्यापूर्वी ते अनेक वारंवारतांचे आहे का, एवढे विचारावे.

आता मुख्य प्रश्न. पावसाळा उलटला नसेल तर अर्थ आहे. शुद्ध सोने पाण्याच्या 19 पटींहून अधिक जड असते, 22 कॅरटचे साधारण पावणेअठरा पट, आणि वाळूचा कण जेमतेम अडीच-पावणेतीन पट. त्यामुळे लाटेने वाळू ढवळली की अंगठी वाहून दूर जाण्याऐवजी जागच्या जागी खाली बसत जाते आणि शिंपल्यांच्या चुऱ्याचा किंवा घट्ट वाळूचा थर लागला की तिथे थांबते. चांगल्या यंत्राला अंगठी वीतभर, फार तर त्याहून थोडी अधिक खोलीवर सापडते. उघाडीच्या महिन्यांत समुद्र किनाऱ्यावर वाळू आणून टाकतो, म्हणजे अंगठीवरचे पांघरूण वाढत जाते. पावसाळ्यात लाटा हीच वाळू ओढून नेतात आणि जड वस्तू उघड्या पडू शकतात, पण त्या दिवसांत कोकणच्या समुद्राजवळ अंगठीसाठी जाण्याचा सल्ला मी कुणालाही देणार नाही.

वेळ निवडताना पंचांग उपयोगी पडते. किनाऱ्यावरची जुनी रीत अशी, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते आणि तिथून सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमेला 15 ची पाऊणपट म्हणजे सव्वाअकराला भरती आणि सव्वापाचच्या सुमाराला ओहोटी, पहाटे आणि संध्याकाळी दोन्ही वेळा. हा अंदाज आहे. भरती-ओहोटीचे छापील कोष्टक मिळाले तर तेच प्रमाण मानावे. पौर्णिमा-अमावास्येच्या आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांच्या उधाणात पाणी सर्वांत दूर हटते, तर अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असतो तेव्हा, फारसे हटत नाही. पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी काम सुरू करावे, उतरत्या पाण्यामागे जावे आणि पाणी वळले की थांबावे. मी पहाटेची वेळ निवडतो, कारण संध्याकाळी यंत्र दिसले की भोवती वीसजण जमतात आणि प्रत्येकाला कुठे खणावे हे ठाऊक असते.

त्या संध्याकाळचे फोटो असतील तर आधी ते काढा. मागे दिसणारी माड-सुरूची झाडे किंवा एखादे घर यांवरून जागा बरीच नेमकी ठरवता येते, आणि फोटोवरच्या वेळेवरून पाणी तेव्हा कुठवर होते याचा अंदाज येतो. तेवढा पट्टा सुतळीने आखून घ्यावा आणि पाण्याच्या रेषेला समांतर चालावे. कोरड्याकडून ओल्याकडे यंत्र फिरवले की सीमा ओलांडताना ते दर वेळी उगीच वाजते, समांतर चालताना ओल सारखी राहते. चकती वाळूपासून दोन बोटे वर, एकाच उंचीवर, सावकाश फिरवावी. हेलकाव्याच्या टोकाला हात वर गेला तरी यंत्र फसते. संवेदनक्षमतेचे बटण पूर्ण वर ठेवण्याचा मोह आवरावा आणि बडबड जेमतेम थांबेल इथवर ते खाली आणावे. हातातल्या बांगड्या, घड्याळ आणि अंगठ्या आधी काढून ठेवाव्यात.

सुरुवातीला एक चाचणी अवश्य करा. तशीच एक अंगठी मजबूत दोऱ्याला बांधून त्याच ओल्या वाळूत वीतभर खाली पुरा, दोऱ्याचे टोक वर ठेवा आणि यंत्र कसे वाजते ते कानात बसवून घ्या. दोरा मी उगीच सांगत नाही. पहिल्यांदा ही चाचणी मी दोऱ्याशिवाय केली होती आणि पुढचा पाऊण तास आम्ही चाचणीची अंगठी शोधत होतो.

यंत्राच्या पडद्यावर धातूगणिक उमटणाऱ्या आकड्यांवर विसंबून ‘कचरा’ वगळण्याची सोय वापरू नये. अॅल्युमिनियमची झाकणे, डब्याच्या चाव्या, चांदीचा म्हणतात तो कागद आणि सोन्याची अंगठी यांचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात, त्यामुळे कचरा वगळला की सोनेही वगळले जाते. उलट नाणी आणि जाळ्यांची शिशाची वजने सापडू लागली तर तिथे चिकाटीने शोधावे, कारण समुद्र जड वस्तू एकाच थरात गोळा करून ठेवतो. खणलेली वाळू करंगळीही जाणार नाही अशा भोकांच्या चाळणीत घेऊन पाण्यात हलवावी आणि खड्डा लगेच बुजवावा.

प्रश्न : माझे मंगळसूत्र तुटून वाळूत पडले. यंत्राने दोन्ही वाट्या सापडल्या, पण त्याच जागी सोन्याची साखळी काही सापडली नाही. ती कुणी उचलली असेल का? (एक वाचक, अलिबाग)

उत्तर : कुणावर संशय घेण्यापूर्वी ही बाजू लक्षात घ्यावी. अंगठी किंवा बांगडी हे अखंड कडे असते, त्यात प्रवाह पूर्ण गोल फिरतो आणि खणखणीत आवाज मिळतो. साखळीतल्या कड्या एकमेकींना केवळ टेकलेल्या असतात, त्यामुळे यंत्राला ती एक लांब वस्तू न दिसता स्वतंत्र बारीक कड्यांचा पुंजका दिसतो आणि प्रत्येक कडीचा आवाज मिठाच्या आवाजाइतकाच क्षीण असतो. मीठ वगळणारे यंत्र साखळीलाही वगळते. वाट्या मिळाल्या त्या जागेभोवतीची हात-दोन हात वाळू थरथराने चाळून काढणे हाच भरवशाचा उपाय. काळे मणी काचेचे असल्याने यंत्राला दिसणार नाहीत, पण चाळणीत दिसतील, आणि एक मणी दिसला की साखळी जवळच असण्याची शक्यता वाढते.

प्रश्न : मोठ्या लोहचुंबकाने सोने शोधता येईल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही. सोने, चांदी आणि तांबे चुंबकाला चिकटत नाहीत. खिळे आणि बाटल्यांचे बिल्ले मात्र भरपूर मिळतील.

प्रश्न : स्वतःची वस्तू शोधताना दुसऱ्याची अंगठी सापडली तर ती कुणाची? त्यासाठी बक्षीस मागता येते का? (एक वाचक, मालवण)

उत्तर : ज्याची हरवली त्याची. ‘सापडले त्याचे’ हा मुलांच्या खेळातला नियम आहे, कायद्यातला नाही. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 71 प्रमाणे सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ती ठेव म्हणून सांभाळण्याची जबाबदारी येते. मालक शोधण्याचे वाजवी प्रयत्न न करता ती स्वतःची म्हणून वापरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 खाली गुन्हा ठरू शकतो. अंगठीच्या आत बहुधा नाव, तारीख किंवा सोनाराचा शिक्का असतो. तो कुणाला सांगू नये, म्हणजे मालक म्हणून येणाऱ्याची खातरजमा करता येते. वस्तू जवळच्या पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्यावी.

वाळूत जुनी नाणी किंवा दागिन्यांचा पुरलेला साठा लागला तर गोष्ट वेगळी. जमिनीत दडवलेला, 10 रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडल्यास 1878 च्या निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते, आणि ही 10 रुपयांची मर्यादा अजूनही कायम आहे. तुमच्या मालवणात सिंधुदुर्ग किल्ला समोरच आहे, म्हणून हेही सांगतो, की संरक्षित स्मारकाच्या परिसरात यंत्र घेऊन खणू नये.

बक्षिसाविषयीही आपण विचारले आहे. मालकाने ठरावीक बक्षीस जाहीर केले असेल तर करार अधिनियमाच्याच कलम 168 प्रमाणे ते मागण्याचा आपल्याला हक्क आहे आणि ते मिळेपर्यंत वस्तू ताब्यात ठेवता येते. जाहीर केले नसेल तर शोधाशोधीत झालेल्या श्रम-खर्चाची भरपाई मिळेपर्यंतही ती ठेवता येते, मात्र त्या भरपाईसाठी दावा लावता येत नाही.