तूप सोडलं, तरी एलडीएल 172 कसं?

प्रश्न : माझं वय 53. दोन वर्षांपूर्वी तूप, खोबरं, शेंगदाणे सगळं बंद केलं. तेलही डब्यावर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ लिहिलेलंच आणते. दोन्ही वेळच्या चहाबरोबर फक्त दोन खारी. तरी एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, 172 आलं. डॉक्टरांनी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करायचं औषध, दिलंय, अजून सुरू केलेलं नाही. हल्ली थकवा फार येतो, वजन वाढतंय, पंख्याखाली बसवत नाही. माझं चुकतंय कुठं?
– एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, त्या डब्याला भुलू नका. शेंगदाणा असो की करडई, कुठल्याच वनस्पतीच्या तेलात नाव घेण्याजोगं कोलेस्टेरॉल नसतंच. तुमच्या रक्तातलं बरंचसं शरीरानंच बनवलेलं असतं, आणि ते लागतंही. पेशींचं आवरण, पित्त, हार्मोन्स सगळ्यांना.

खरी गोम यकृतात आहे. यकृताच्या पेशींवर एलडीएल आत ओढून घेणारी दारं असतात. ब्राऊन आणि गोल्डस्टाइन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी ती शोधली, 1985 साली त्यांना नोबेल मिळालं. दारं कमी झाली की एलडीएल रक्तात फिरत राहतं, धमनीच्या अस्तरात शिरतं आणि तिथं थर धरतो. एखाद्या दिवशी तो थर फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी होते. हार्ट अटॅक बहुतेक वेळा असाच येतो. स्टॅटिन यकृतातलं कोलेस्टेरॉलचं उत्पादन रोखतं, मग यकृत नाइलाजानं दारं वाढवतं.

खारीच्या पदरापदरात असतं ते वनस्पती तूप किंवा मार्गरीन, आणि तसली संपृक्त (सॅच्युरेटेड) चरबी ही दारं घटवते. घरचं चमचाभर तूप सोडून बेकरीचं खाल्लंत! ‘फक्त दोन’ दोनदा, म्हणजे रोजच्या चार झाल्या. पाळी जाण्याच्या वयातही एलडीएल चढतं, तो भाग वेगळा.

पण मी अडखळलो तुमच्या शेवटच्या तक्रारीपाशी. थकवा, वाढतं वजन, न सोसणारी थंडी. थायरॉइड मंदावला की हीच दारं कमी होतात. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, केलीय का? थायरॉइडची गोळी सुरू झाल्यावर एलडीएल उतरलेल्या बायका मी पाहिल्यात. शिवाय थायरॉइड कमी असताना स्टॅटिन घेतलं तर स्नायू दुखण्याचा त्रास जास्त होतो. म्हणून स्टॅटिनची गोळी नुसती कपाटात ठेवू नका. याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, सुरू केली नाही हे स्पष्ट सांगा आणि टीएसएचचं विचारा. बीपी, साखर आणि घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर तेही सांगा.

शेंगदाणे मात्र आजपासून मूठभर खा. बिचारे उगाच दोन वर्षं बाहेर राहिले.