कॉमावर तोडायचं, पण कुठल्या?

प्रश्न: मी लालबागला राहते. आमच्या मंडळाच्या वर्गणीदारांची यादी एक्सेलमधून सीएसव्ही (कॉमाने रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) करून घेतली आणि पायथनमध्ये प्रत्येक ओळीवर स्प्लिट(',') लावलं. नाव, पत्ता, रक्कम असे तीनच तुकडे हवेत, पण कुणाचे पाच येतात तर कुणाचे सहा, आणि रकमेच्या जागी ‘दुसरा मजला’ येतो. रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातले नमुने शोधायची पद्धत) शिकावंच लागेल का?

उत्तर: नाही हो ताई, त्याची काही गरज नाही. तुमच्या फाइलमधली एक ओळ नीट बघा, ती अशी असणार:

सावंत,"खोली नं. 14, दुसरा मजला, लालबाग","1,001"

ह्यात कॉमे पाच आहेत पण खरे तोडायचे दोनच, बाकीचे पत्त्यातले आणि रकमेतले, आणि एक्सेलने म्हणूनच त्यांना डबल अवतरणात घातलंय. स्प्लिटला अवतरणबिवतरण कळत नाही, कॉमा दिसला की तो तोडतो, मग तुकडे सहा पडणारच. पायथनमध्ये 2003 पासून, म्हणजे 2.3 व्हर्जनपासून सीएसव्ही नावाचं मॉड्यूल (तयार कोडचा संच) आहे, ते इम्पोर्ट करा आणि फाइल सीएसव्ही.रीडरला द्या, अवतरणातल्या कॉमांवर तो तोडत नाही आणि अवतरणं पण काढून टाकतो. फाइल उघडताना न्यूलाइन='' द्यायला विसरू नका, कारण कुणीतरी पत्त्यात ऑल्ट-एंटर मारून दोन ओळी केलेल्या असतातच आणि ओळ-ओळ वाचत गेलात तर असा पत्ता मधेच तुटतो, रीडर मात्र तो अख्खा एकच रकाना धरतो. पहिल्या रकान्याच्या नावाला सुरुवातीला काहीतरी विचित्र चिकटून आलं तर फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-8-सिग ठेवा.

रकमेतला कॉमा रिप्लेसने काढून मगच इंट (म्हणजे मजकुराचा पूर्णांक) करा, नाहीतर व्हॅल्यूएरर ही चूक येईल. कुणी १००१ असं देवनागरीत लिहिलं असेल तर काळजी नको, इंट ते बरोबर वाचतो.

यादी कुणी नोटपॅडमध्ये हाताने टाइप केली असेल आणि अवतरणंच नसतील तर मात्र रीडर काही करू शकत नाही. तेव्हा नाव स्प्लिट(',', 1) ने पुढून काढायचं आणि रक्कम आरस्प्लिट(',', 1) ने मागून, मधे उरेल तो पत्ता. पण हे रकमेत कॉमा नसेल तरच चालतं, 1,001 असेल तर हाती फक्त 001 येईल आणि एररसुद्धा दिसणार नाही, हिशोब गुपचूप चुकेल. लोकांच्या पैशाचा मामला आहे, तिथे अंदाजाने कोड लिहू नका, त्या ओळी हाताने दुरुस्त करा.

नाव-आडनाव वेगळं करताना स्प्लिट(' ') नको, नुसतं स्प्लिट() वापरा. पहिल्यात दोन स्पेस आल्या की मधे रिकामा तुकडा येतो, दुसरं कितीही स्पेस किंवा टॅब असले तरी एकच धरतं.