अभिस्तर ऊतींचे प्रकार तक्त्यावरून पाठ करावेत का?

तुम्ही अभिस्तर ऊतींचे, म्हणजे शरीराचे पृष्ठभाग आणि अवयवांच्या आतल्या बाजू झाकणाऱ्या पेशीथरांचे, प्रकार व कार्ये विचारली आहेत आणि पाठांतरासाठी तक्ताही मागितला आहे. तक्ता मी देणार नाही. जागा लक्षात ठेवा आणि तिथे काम काय चालते ते पाहा, म्हणजे प्रकार आपोआप कळतो. वायुकोशात वायूंची देवाणघेवाण व्हायची असते, म्हणून तिथे सरल पट्टकी ऊतीचा एकच चपटा थर असतो. लहान आतड्यात शोषण करायचे असते, म्हणून उंच स्तंभीय पेशी आणि त्यांच्या माथ्यावर सूक्ष्मांकुर, म्हणजे बोटांसारखे बारीक उंचवटे असतात. त्वचेला झीज सोसायची असते, म्हणून ती स्तरित पट्टकी, म्हणजे अनेक थरांची असते. काही तक्त्यांत तोंड आणि अन्ननलिका सरल पट्टकीच्या रकान्यात टाकलेली आढळतात. ते साफ चूक आहे, कारण घासाचे घर्षण एका थराला पेलणार नाही.

तक्त्यांवरचा माझा राग जुना आहे. पदवीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत मला श्वासनलिकेच्या छेदाची काचपट्टी मिळाली होती. बहिःस्थ परीक्षकांनी स्तर किती ते विचारले आणि मी "एकच" असे उत्तर दिले. त्यांनी सूक्ष्मदर्शकात डोकावून, केंद्रके वरखाली दिसतात त्या अर्थी ऊती स्तरितच आहे, असा निकाल देऊन माझे गुण कापले. वास्तविक स्तरांची संख्या केंद्रकांच्या उंचीवरून ठरत नाही. प्रत्येक पेशी खालच्या आधारपटलाला, म्हणजे ऊती ज्यावर बसते त्या पातळ पडद्याला, टेकलेली आहे की नाही, यावरून ती ठरते. श्वासनलिकेत बुटक्या पेशींची गोल केंद्रके तळाशी आणि उंच पेशींची लांबट केंद्रके त्यांच्या वर दिसतात, पण बूड सर्वांचे एकाच पटलावर असते. म्हणूनच तिला आभासी स्तरित म्हणतात. मुक्त कडेला रोमकांची, म्हणजे केसांसारख्या हलत्या तंतूंची, दाट किनार होती आणि मधूनमधून चषक पेशींच्या फिकट जागा दिसत होत्या. या पेशींच्या श्लेष्मात धूळ अडकते व रोमके ती घशाकडे लोटतात. एवढे समोर दिसत असताना "स्तरित" म्हणणे हा केवळ अधिकाराचा हट्ट होता.

एक अपवाद मात्र सांगायला हवा. दीर्घकाळ धूम्रपान करणाऱ्यांच्या श्वसनमार्गात काही ठिकाणी हेच अस्तर बदलून खरोखर स्तरित पट्टकी होते; तिथे रोमके उरत नाहीत आणि श्लेष्म बाहेर लोटण्याचे काम खोकल्यावर येऊन पडते. मूत्राशयाच्या संक्रमणी, म्हणजे ताणली जाणाऱ्या, ऊतीत तर मूत्राशय रिकामे असताना थर जास्त आणि भरल्यावर कमी दिसतात, त्यामुळे तिथे थर मोजत बसण्यात अर्थ नाही. घनाभ आणि ग्रंथिल ऊतींबद्दल कोणत्याही पाठ्यपुस्तकात पुरेसे मिळेल.

तोंडी परीक्षेत प्रकाराचे नाव आधी घेऊ नका, आधारपटल आधी दाखवा. छेद तिरका गेला असेल, तर एका थराची ऊतीही अनेक थरांची भासते. अशा वेळी काचपट्टी सरकवून सरळ कापला गेलेला भाग शोधा आणि परीक्षकांना तोच पाहायला लावा.