मेल्बा लिस्टन जॅझमधली एवढी मोठी ट्रॉम्बोनवादक आणि अरेंजर होती, तर तिच्या नावावर एकच अल्बम कसा?

कारण तिचं बहुतेक काम दुसऱ्यांच्या नावाच्या रेकॉर्डवर आहे.

'मेल्बा लिस्टन अँड हर बोन्स' हा १९५८ साली ध्वनिमुद्रित झालेला तिचा एकमेव अल्बम, ही तुमची माहिती बरोबर आहे. पण अरेंजरचं, म्हणजे कोणत्या वाद्यानं काय आणि कधी वाजवायचं हे कागदावर मांडणाऱ्याचं, मोठेपण त्यावरून मोजायचं ठरवलं तर आपल्याकडच्या सेबॅस्टियन डिसूझांचं काय करायचं? शंकर-जयकिशनच्या गाण्यांत व्हायोलिनं जी उसळून येतात ती या गोव्याच्या माणसानं कागदावर मांडलेली. मी बरीच वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवला आहे. गायकानं तोंड उघडायच्या आधीच, सुरुवातीच्या पीसवर लोक टाळ्या वाजवतात. निवेदक गीतकार, संगीतकार, गायक अशी सगळी नावं घेतो, तो पीस लिहिणाऱ्याचं मात्र घेत नाही. मेल्बाची गोष्ट इथूनच समजून घ्यावी लागते. जॅझमध्ये अरेंजरला सिनेमापेक्षा थोडा जास्त मान आहे, पण थोडाच.

तिचा जन्म १३ जानेवारी १९२६ चा, मिझुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीचा. सातव्या वर्षी तिनं ट्रॉम्बोन पाहिला, तो तिला दिसायला सुंदर वाटला आणि तिनं तोच हवा म्हणून धरलं. आईनं घेऊन दिला. ट्रॉम्बोन हे फुंकून वाजवायचं पितळी वाद्य; त्याला ट्रम्पेटसारख्या कळा नसतात. एक लांब नळी पुढे-मागे सरकवायची, तिच्या सात जागा असतात आणि त्या ओठ आणि कान यांच्या भरवशावर शोधायच्या. सूर सलग ओढता येतो, आपल्या मींडेसारखा. पण सातवी जागा इतकी लांब असते की सात वर्षांच्या मुलीचा हात तिथवर पोचणं अवघडच. गुरू असा कोणी नव्हता; आजोबांचं प्रोत्साहन आणि स्वतःचा कान एवढ्यावर ती शिकली आणि आठव्या वर्षी स्थानिक रेडिओवर एकटीनं वाजवून आली.

पुढे कुटुंब लॉस एंजेलिसला गेलं. तिथे अल्मा हायटॉवर नावाच्या बाईंचा मुलांचा बँड होता, त्यात ती तयार झाली. सोळाव्या वर्षी लिंकन थिएटरच्या वाद्यवृंदात नोकरी मिळाली, आणि मग जेराल्ड विल्सनच्या बिग बँडमध्ये, म्हणजे मोठ्या जॅझ वाद्यवृंदात, जागा. विल्सन स्वतः उत्तम अरेंजर. इतक्या लहान वयात असा माणूस रोज शेजारी असणं ही तिची खरी शाळा. १९४७ साली सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डननं तिला आपल्या रेकॉर्डिंगला बोलावलं. त्या सत्रातल्या 'मिस्चिव्हस लेडी' या ट्यूनचं नाव तिच्यावरूनच पडलं म्हणतात. नाव खट्याळ असलं तरी बाई भिडस्त. सोलोसाठी पुढे यायला ती कायम बिचकायची, आणि तुमच्या प्रश्नाचं एक उत्तर या स्वभावात आहेच.

दुसरं उत्तर रस्त्यावर आहे. १९४९ मध्ये गायिका बिली हॉलिडेबरोबर विल्सनचा बँड अमेरिकेच्या दक्षिण भागात दौऱ्यावर गेला. प्रेक्षक येईनात, पैसे संपले, दौरा कोसळला. मेल्बा इतकी वैतागली की तिनं वादनच सोडलं आणि लॉस एंजेलिसच्या शिक्षण मंडळात कारकुनी धरली. अधूनमधून सिनेमात एक्स्ट्रा म्हणूनही उभी राहिली. 'द टेन कमांडमेंट्स'च्या गर्दीत ती आहे. पुरुषांच्या बँडमधून फिरताना आपल्यावर बलात्कार झाले, हेही तिनं नंतर मुलाखतीत सांगितलं आहे, तेही अगदी कोरड्या स्वरात, जणू हा धंद्याचाच एक भाग होता. तिच्यावरच्या गोडगोड लेखांत हे गाळलेलं असतं. मला ते गाळणं पटत नाही.

तिला परत खेचून आणलं ते ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीनं. १९५६ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं त्याच्या बिग बँडला परदेश दौऱ्यावर पाठवलं. शीतयुद्धाचे दिवस होते आणि आमच्याकडे वर्णभेद असला तरी संस्कृतीही आहे, असं काहीसं जगाला दाखवायचं होतं. डिझीनं मेल्बाला कॅलिफोर्नियातून बोलावून घेतलं. बँडमधल्या मंडळींनी नाकं मुरडली: एका बाईसाठी एवढ्या लांब निरोप धाडायची काय गरज होती? त्यांचा शब्द 'बाई'पेक्षा बराच घाण होता. डिझीनं तिला विचारलं, काही लिहून आणलं आहेस का? होतं. म्हणाला, ते कागद सगळ्यांना वाटून टाक. सुरुवातीलाच बँड अडखळला, गोंधळला. मग डिझीनं त्यांचीच शिवी त्यांना परत केली. त्यानंतर ती बँडमध्ये 'मामा' झाली. हा किस्सा तिनंच सांगितलेला आहे आणि सगळे तो विजयकथा म्हणून सांगतात. मला त्यातलं 'मामा' थोडं खुपतं. पुढच्या दौऱ्यांत याच मंडळींचे केस कापणं आणि बटणं शिवणं हेही तिच्याकडे आलं.

तो दौरा इराण, सीरिया, लेबनॉन, तुर्कस्तान करत कराची आणि ढाक्यालाही आला होता. भारतात मात्र नाही. मुंबईच्या हॉटेलांतून तेव्हा गोव्याचे वादक रोज रात्री जॅझ वाजवत होते; त्यांना हा बँड समोर बसून ऐकायला मिळायला हवा होता.

१९५९ साली ती क्विन्सी जोन्सच्या बँडबरोबर 'फ्री अँड ईझी' या संगीतिकेसाठी युरोपला गेली. खेळ पॅरिसमध्ये बंद पडला आणि अख्खा बँड मिळेल तिथे वाजवत महिनोन्‌महिने युरोपभर फिरत राहिला. त्या बँडमध्ये बायका दोनच: मेल्बा आणि पियानोवादक पॅटी बाऊन.

आता तिच्या कामाचा गाभा, म्हणजे पियानोवादक रँडी वेस्टन. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात दोघं भेटले आणि ही जोडी चाळीसेक वर्षं टिकली, मध्ये खंड पडले तरी. वेस्टनच्या डोक्यात सूर आणि ठेके असायचे, बहुधा तीन मात्रांचे. ती ते ऐकून कोणत्या वाद्यानं काय आणि कधी वाजवायचं हे ठरवायची. अरेंजर सजावट करतो असं आपण सहज म्हणतो. इथे तसं नव्हतं. 'लिटल नाइल्स' (१९५८) ऐका. पियानोवर जी चाल साधी, बाळबोध वाटेल, तिच्याखाली ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन असे लावले आहेत की चालीत एक अस्वस्थपणा येतो. तो अस्वस्थपणा मेल्बाचा.

मग वेस्टनचा अल्बम 'उहुरू आफ्रिका'. स्वाहिलीत 'उहुरू' म्हणजे स्वातंत्र्य. १९६० हे आफ्रिकेतल्या सतरा देशांच्या स्वातंत्र्याचं वर्ष, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कमध्ये हे ध्वनिमुद्रण झालं. लँग्स्टन ह्यूजची कविता, तिचं स्वाहिलीतलं निवेदन, तालवाद्यांवर मॅक्स रोच, ओलातुन्जी आणि कँदिदो, शिवाय पूर्ण बिग बँड. चार भागांचं हे सगळं कागदावर मांडलं मेल्बानं. इतके तालवादक एकत्र बसवले की पितळी वाद्यं एकतर त्यांच्यावर ओरडतात नाहीतर त्यांत बुडतात. तिनं त्यांना जागा सोडली, पितळी वाद्यांनाही तालवाद्यांसारखं वाजवायला लावलं. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनं १९६४ मध्ये या रेकॉर्डवर बंदी घातली. आणि गंमत बघा, ट्रॉम्बोनच्या खुर्च्यांवर दुसरेच तिघे आहेत: स्लाइड हॅम्प्टन, जिमी क्लीव्हलँड, क्वेंटिन जॅक्सन. माझ्या मते तिचं सर्वांत मोठं काम हेच, आणि त्यात तिचं वाद्य वाजतच नाही. कव्हरवरचं मोठं नाव अर्थात वेस्टनचं.

पोटापाण्यासाठी तिनं बरंच लिहिलं: मोटाउन या रेकॉर्ड कंपनीसाठी, टोनी बेनेटसाठी, मिल्ट जॅक्सनसाठी. अरेंजमेंटचे पैसे एकदाच मिळायचे, रेकॉर्ड पुढे कितीही खपो. मग स्वतःचा बँड उभा करायला भांडवल कुठून येणार? एकट्या स्त्रीवर पैसा लावायला कंपन्या तयार नव्हत्या, तिलाही पुढे उभं राहायची हौस नव्हती. या दोन कारणांतलं एकच निवडू नका. भिडस्त पुरुष वादकांचेही तीन-चार अल्बम सहज निघत होते.

१९७३ ते १९७९ ती जमैकात होती, किंग्स्टनच्या संगीत शाळेत लोकप्रिय संगीताचा विभाग चालवत. परत आल्यावर 'मेल्बा लिस्टन अँड कंपनी' हा बँड काढला, म्हणजे नेतृत्वाची हौस अगदीच नव्हती असंही नाही. पण १९८५ मध्ये पक्षाघात झाला आणि ट्रॉम्बोन कायमचा सुटला. मग ती कॉम्प्युटरवर नोटेशन करायला शिकली आणि व्हीलचेअरवरून वेस्टनसाठी पुन्हा लिहू लागली. 'द स्पिरिट्स ऑफ अवर ॲन्सेस्टर्स' आणि 'व्होल्केनो ब्लूज' हे नव्वदच्या दशकातले अल्बम या काळातले. १९८७ मध्ये तिला 'जॅझ मास्टर' हा अमेरिकेतला सर्वोच्च जॅझ सन्मान मिळाला. २३ एप्रिल १९९९ रोजी लॉस एंजेलिसमध्ये ती गेली.

ऐकायला सुरुवात कुठून करावी? 'हर बोन्स'पासून नको. तो सुरेख आहे, पण ट्रॉम्बोनची सवय नसलेल्या कानाला एकसुरी वाटू शकतो. आधी 'उहुरू आफ्रिका'तला 'आफ्रिकन लेडी' हा भाग ऐका. पहिल्यांदा गायिकेकडे लक्ष द्या, दुसऱ्यांदा फक्त तिच्या मागे काय चाललं आहे तिकडे. त्यानंतर गिलेस्पीच्या बँडनं वाजवलेलं 'माय रेव्हरी' ऐका, तिचीच अरेंजमेंट आणि ट्रॉम्बोनही तिचाच.