उघड्यावरचा बिग बँड: न्यूपोर्टला निघालेल्यांसाठी

बॉस्टनला नुकत्याच आलेल्या सदस्याचा प्रश्न थोडक्यात असा: ऑगस्टमधल्या न्यूपोर्ट जॅझ फेस्टिव्हलची तिकिटं काढली आहेत, सोबत बायको आणि आठ वर्षांची मुलगी. मागच्या उन्हाळ्यात घराजवळच्या बागेत एक बिग बँड ऐकला तेव्हा "नुसता पितळेचा कलकलाट" वाटला. कान हिंदुस्तानी संगीतावर तयार झालेला. तर बिग बँड लागला की जेवायला जावं की थांबावं, थांबलो तर बसावं कुठे, आणि ऐकायचं म्हणजे नेमकं काय?

थांबा. जेवण आधी उरका किंवा नंतर. पण बागेत जो कलकलाट वाटला तो सगळाच तुमच्या कानाचा दोष नव्हता, हे आधी सांगतो.

बिग बँड म्हणजे साधारण सतरा-अठरा माणसं. पुढच्या रांगेत पाच सॅक्सोफोन, त्यामागे तीन-चार ट्रॉम्बोन, सगळ्यात मागे उंचवट्यावर चार ट्रम्पेट, आणि बाजूला पियानो, बास, ड्रम, कधी गिटार. ही रचना नाचघरातल्या छताखाली आणि भिंतींच्या आत घडली. भिंती आवाज परत पाठवतात आणि तेरा वाद्यं एकमेकांत मिसळतात. मैदानात भिंत नाही. ट्रम्पेटचा आवाज सरळ रेषेत तुमच्या कपाळावर येतो, सॅक्सोफोनचा गवतावर सांडतो आणि बासचा वाऱ्यावर जातो. शिवाय ऊन. हवा तापली की फुंकायच्या वाद्यांचा सूर चढतो, पियानोचा चढत नाही. जुने वादक दर दोन गाण्यांमागे वाद्याची नळी किंचित बाहेर ओढताना दिसतील, ते त्यासाठीच. हौशी बँडला हे सांभाळता येत नाही, आणि ऐकणाऱ्याला काय खुपतंय ते न कळता नुसतंच खुपत राहतं.

पुढच्या वेळी स्टँडवरच्या कागदांकडे बघा. प्रत्येकासमोर नोटेशनची चळत असते आणि तिला कपडे वाळत घालायचे चिमटे लावलेले असतात. समुद्रावरून झुळूक आली की पान उलटायचं म्हणजे कसरत: एका हाताने ट्रॉम्बोन, दुसऱ्याने चिमटा काढायचा, पान उलटायचं, चिमटा लावायचा, आणि हे सगळं चार मात्रांच्या विश्रांतीत. तिसऱ्या ट्रॉम्बोनवाल्याचं पान उडालं तर शेजारचा स्वतःचा कागद त्याच्याकडे सरकवतो, पण त्यावर सूर वेगळे लिहिलेले असतात! मग बिचारा आठवणीवर वाजवतो.

आता जागा. बहुतेक लोक स्टेजला चिकटून बसायला धावतात. बिग बँडसाठी ती जागा वाईट. तिथे ट्रम्पेट आणि ड्रम थेट येतात आणि बाकी सगळं स्पीकरमधून डोक्यावरून जातं. ध्वनिव्यवस्थेचा माणूस जिथे मिक्सर मांडून बसतो तो तंबू शोधा आणि त्याच्या थोडं पुढे, मधोमध सतरंजी टाका. तो माणूस तिथे जे ऐकतो त्यावरून आवाज जमवतो, म्हणजे मैदानातली सगळ्यात खरी जागा तीच. मुलगी आठ वर्षांची आहे, तर स्पीकरच्या खांबांपासून लांब बसा आणि तिच्यासाठी कानावर बसणारे मफ आणा. त्याने संगीत बिघडत नाही, उलट ती शेवटपर्यंत टिकते.

फार मागे बसू नका, त्याला आणखी एक कारण आहे. स्टेजपासून शंभर मीटरवर आवाज सुमारे 0.3 सेकंद उशिरा पोचतो. जलद गाण्यात एक मात्रा साधारण तेवढीच असते. म्हणजे ड्रमवाल्याची काडी पडताना दिसते आणि तिचा आवाज पुढच्या मात्रेला येतो. मागच्या लोकांच्या टाळ्या पुढच्यांशी जुळत नाहीत त्याचं अर्धं कारण हे. उरलेलं अर्धं म्हणजे टाळी कुठे द्यायची हेच ठाऊक नसणं. आपला हात समेवर, पहिल्या मात्रेवर पडायला बघतो. इथे चार मात्रांत दुसरी आणि चौथी धरायची. सुरुवातीला हात अडखळेल, पण तो तिथे बसला की लयीचा डोल कळायला लागतो, आणि तो कळल्याशिवाय स्विंग (जॅझची डोलती लय) हे प्रकरण कितीही वाचलं तरी डोक्यात शिरत नाही.

ऐकायचं काय? उभा राहून सोलो वाजवणाऱ्याकडे सगळे बघतात. तुम्ही बसलेल्यांचं ऐका. त्याच्या मागे ट्रॉम्बोन दोन-तीन सुरांचं एक छोटं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत असतील. त्याला रिफ म्हणतात. दुसऱ्या आवर्तनात त्यावर सॅक्सोफोन वेगळं वाक्य टाकतील, तिसऱ्यात ट्रम्पेट. सोलोवाला एकटा तापत नाही, त्याला खालून तापवलं जातं. शेवटाकडे सगळे मिळून एका तालात ओरडल्यासारखं वाजवतात तो शाउट कोरस. त्यात ट्रम्पेटच्या रांगेतल्या मुख्य वादकाकडे लक्ष द्या. तो बहुधा सोलो वाजवतच नाही. संध्याकाळभर सर्वांत वरचा सूर पेलायचा आणि बाकी बाराजणांनी कधी सूर सोडायचा हे आपल्या श्वासाने ठरवायचं, एवढंच त्याचं काम. बँड चांगला की सुमार हे मी त्याच्यावरून ठरवतो.

ट्रम्पेट-ट्रॉम्बोनवाल्यांच्या हातात लाल-काळी रबरी वाटी दिसली तर दचकू नका. तुंबलेल्या मोरीला प्लंबर लावतो तीच ती, दांडी काढलेली. वाद्याच्या तोंडावर ती उघडझाप केली की माणूस बोलल्यासारखा आवाज येतो. ड्यूक एलिंग्टनच्या बँडमध्ये 1920च्या दशकात बबर माइली आणि 'ट्रिकी सॅम' नँटन यांनी ही विद्या फार पुढे नेली. मुलीला हे नक्की दाखवा.

न्यूपोर्टला चालला आहात तर 1956ची गोष्ट माहीत हवी, कारण बिग बँड उघड्यावर काय करू शकतो याचा तो पुरावा आहे. फेस्टिव्हल 1954 साली लोरिलार्ड दांपत्याच्या पैशावर आणि जॉर्ज वीनच्या खटपटीवर सुरू झाला, पहिल्या वर्षी चक्क टेनिस क्लबच्या हिरवळीवर. दोन वर्षांनी तो फ्रीबॉडी पार्कात होता. एलिंग्टनचे दिवस तेव्हा फिरलेले. आदल्या उन्हाळ्यात त्याचा ऑर्केस्ट्रा न्यूयॉर्कच्या फ्लशिंगमध्ये पाण्यातल्या कसरतींच्या खेळाला साथ करत होता. 7 जुलैच्या रात्री न्यूपोर्टला त्याला सुरुवातीला थोडा वेळ मिळाला, त्यातही काही वादक पोचलेले नव्हते. मग बाकीच्यांचे कार्यक्रम संपेपर्यंत ताटकळणं, आणि पुन्हा स्टेजवर आला तेव्हा मध्यरात्र होत आलेली, लोक उठायला लागलेले. फेस्टिव्हलसाठी खास लिहिलेली रचना झाली. टाळ्या पडल्या, पण बेताच्याच.

मग त्याने 1937 सालचं जुनं काम काढलं: 'डिमिन्युएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू'. त्या काळच्या तबकडीच्या दोन बाजूंसाठी लिहिलेले ब्लूजचे दोन भाग, एक उतरत जाणारा, एक चढत जाणारा. मधली फट भरायला टेनर सॅक्सोफोनवर पॉल गोन्साल्विस. (नाव वाचून गोव्याचे लोक खूश होतात, पण त्याचं घराणं केप व्हर्डीचं.) चार मात्रांचा एक बार, अशा बारा बारचं एक आवर्तन, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रा. त्याने अशी 27 आवर्तनं वाजवली. मागे फक्त पियानो, बास, ड्रम. बाकी सगळा बँड हातातली वाद्यं खाली ठेवून त्याला आरोळ्या देत होता. स्टेजच्या कडेला काउंट बेसी या दुसऱ्या बँडप्रमुखाचा जुना ड्रमर जो जोन्स गुंडाळलेलं वर्तमानपत्र आपटून ठेका धरून बसला होता. सातव्या-आठव्या आवर्तनाच्या सुमारास पुढच्या बॉक्समधली काळ्या पोशाखातली सोनेरी केसांची बाई उठून नाचायला लागली, आणि तिच्यामागून मैदान उठलं.

गोन्साल्विसच्या सुरावटी एकेक करून तपासल्या तर त्यात चमत्कार सापडत नाही. बरेच समीक्षक हेच बोलून दाखवतात आणि मला ते पटतं. चमत्कार आहे तो सॅम वुडयार्डच्या ड्रमात आणि पुढे जे होतं त्यात: सहा मिनिटांहून जास्त वेळ गप्प बसलेली बाकीची वाद्यं परत येतात. आधी दबक्या आवाजात, मग रांगेमागून रांग चढत जाते, आणि शेवटी कॅट अँडरसनचा ट्रम्पेट कानाच्या मर्यादेवर जाऊन बसतो. ज्यांनी नुसता सोलो ऐकला त्यांनी अर्धीच गोष्ट ऐकली. दंगा होईल म्हणून वीन कार्यक्रम आवरता घ्यायला सांगत होता. एलिंग्टनने ऐकलं नाही, पुढे आणखी गाणी वाजवून लोकांना हळूहळू खाली आणलं. दीड महिन्याच्या आत, 20 ऑगस्टच्या 'टाइम'च्या मुखपृष्ठावर तो होता.

मग सगळेच फेस्टिव्हल बिग बँडांनी का भरत नाहीत, असंही तुम्ही विचारलंत. हिशेब साधा आहे. चौकडीला एक व्हॅन पुरते. अठराजणांना बस, खोल्या, जेवण, आणि प्रत्येकाच्या खिशात काही पडायला हवं. युद्धाच्या काळात वादकांच्या संघटनेचा रेकॉर्डिंगवरचा संप झाला, 1944 साली नाचगाण्याच्या जागांवर 30 टक्के कर लागला, आणि 1946च्या डिसेंबरात वुडी हर्मन, हॅरी जेम्स, टॉमी डॉर्सी यांच्यासकट अनेकांनी गाशा गुंडाळला. काउंट बेसीलासुद्धा 1950 मध्ये सात-आठ जणांवर भागवावं लागलं. आज जे बँड दिसतात त्यातले बरेच न्यूयॉर्कच्या वादकांना मोजक्या तारखांसाठी जमवून उभे राहतात. न्यूपोर्टचं नशीब असं की वीननंतर कलात्मक सूत्रं क्रिस्टियन मॅकब्राइड या बासवादकाकडे आली, आणि तो स्वतःच एक बिग बँड चालवतो.

तुमचा कान या आवाजाला अगदीच परका आहे, हेही मला मान्य नाही. सी. रामचंद्रांची पन्नाशीच्या दशकातली जोरकस गाणी आठवा. त्यातल्या पितळी वाद्यांच्या फटकाऱ्यांमागे गोव्याचे वादक होते, चर्चच्या शाळांत नोटेशन शिकून मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारे. हळदोण्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट 'अलबेला'च्या (1951) वेळी त्यांच्या सोबत होता. 1963 साली एलिंग्टनचा ऑर्केस्ट्रा अमेरिकी सरकारच्या दौऱ्यावर मुंबईला आला, गोन्साल्विससकट. आणि उघड्यावर जॅझ म्हणाल तर 1978 पासूनची जॅझ यात्रा धोबीतलावच्या रंगभवनात व्हायची, फक्त ती फेब्रुवारीतल्या गार रात्री. न्यूपोर्टला ऊन टाळूवर असतं. आता फेस्टिव्हल फोर्ट ॲडम्स या जुन्या किल्ल्यावर होतो आणि दिवसाउजेडीच संपतो, तेव्हा टोपी आणि पाणी विसरू नका. खुर्च्या-छत्र्यांचे नियम दरवर्षी त्यांच्या संकेतस्थळावर असतात, निघण्यापूर्वी बघून घ्या. गाडी गावात लावून बोटीने किल्ल्यावर गेलात तर रांगेतला वेळ वाचतो. वाटेत नांगर टाकून फुकट ऐकत बसलेल्या नावा दिसतील.

जाण्याआधी घरी काय ऐकावं? बेसीपासून सुरुवात करा. त्याच्या बँडमध्ये फ्रेडी ग्रीन 1937 पासून 1987 साली जाईपर्यंत गिटार वाजवत होता, ॲम्प्लिफायरशिवाय, दर मात्रेला एक छोटा खणका. मैदानात अशी गिटार सापडणं कठीण, म्हणून ती हेडफोनवरच शोधून ठेवा. मग एलिंग्टनचा न्यूपोर्टचा कार्यक्रम, पण 1999 साली निघालेली दोन सीडींची आवृत्ती घ्या. 1956ची मूळ रेकॉर्ड घाईत तयार झाली. बराचसा भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून त्यावर टाळ्या चढवलेल्या होत्या. आणि सोलोच्या वेळी गोन्साल्विस भलत्याच माइकसमोर उभा होता, रेकॉर्ड कंपनीच्या नव्हे तर 'व्हॉइस ऑफ अमेरिका' रेडिओच्या. त्यामुळे मूळ रेकॉर्डवर तो शेजारच्या खोलीतून वाजवल्यासारखा येतो. रेडिओची टेप नव्वदच्या दशकात सापडली, आणि दोन्ही टेपा जुळवून, एक डाव्या कानात आणि एक उजव्या, असा तो कार्यक्रम नव्याने उभा केला. त्यात 27 आवर्तनं मोजायची असतील तर पियानोवर एलिंग्टन काय करतोय ते धरा, सॅक्सोफोनच्या मागे लागलात तर दहाव्यालाच मोजणी चुकेल.