पहिला देश निवडताना, भाऊ

भाऊ, जळगावात बसून ऑनलाइन काम चालतंय तर परदेशातूनही चालेल, पण देश रील्स बघून ठरवू नको, आधी व्हिसा बघ. माझं मत विचारशील तर पहिल्यांदा थायलंड, २०२४ पासून त्यांचा डीटीव्ही (डेस्टिनेशन थायलंड व्हिसा) आहे, तिथे राहून बाहेरचं ऑनलाइन काम करणाऱ्यांसाठी, ५ वर्षांचा, एका वेळी १८० दिवस राहता येतं, खात्यात ५ लाख बाहत (तिकडचं चलन) दाखवावे लागतात, रक्कम मोठीये पण आपलीच राहते ना. आणि घड्याळ आपल्यापेक्षा दीडच तास पुढे, पुण्याच्या क्लायंटची १० ची मीटिंग तिकडे साडेअकराला, पोर्तुगालहून तीच पहाटे उठून करावी लागेल. शेवभाजी खाणाऱ्याला तिथलं तिखट जड नाही. शाकाहारी असशील तर पिवळ्या झेंड्यावर लाल रंगात इंग्रजी १७ सारखं अक्षर शोध, तिथे मांस, मासे, अंडं काहीच नसतं. कॅलेंडर वर्षात १८० दिवस झाले की तिकडचे टॅक्स रेसिडेंट, म्हणजे करासाठी तिथले रहिवासी धरतात, तेवढं निघायच्या आधी सीएला विचारूनच घे.